डावीकडची पिवळी रेघ

माझी सत्तावीस वर्षं रंगातले दोष काढण्यात गेली. मोटारींना लावायच्या रंगाच्या प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ होते. रंग भट्टीत सुकताना त्याच्यावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. तो कसा कमी करायचा, यावर माझ्या नावाची दोन पेटंट आहेत. मी निवृत्त झाले त्याच वर्षी माझ्या नवऱ्याने, लेलंडने, एका कारागिराला पैसे देऊन एका बॉनेटवर तोच खडबडीतपणा मुद्दाम आणवून घेतला. कारागीर नावाजलेला होता. सहा महिने थांबावं लागलं.

लेलंडच्या मंडळींचा नियमच तसा आहे. सत्तर सालच्या आसपासच्या त्या दोन दारांच्या, अवाढव्य इंजिनांच्या मसल कार कारखान्यातून निघाल्या तशाच दिसल्या पाहिजेत. त्याहून बऱ्या दिसता कामा नयेत. उन्हाळ्यात दर शनिवारी कुठल्यातरी मैदानावर त्या ओळीने उभ्या असतात. मालक मागे घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. परीक्षक एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात काठीला बसवलेला आरसा घेऊन गाड्यांखाली डोकावत फिरतात. दाराच्या फटीत रंगाचा ओघळ नसेल तर गुण कापतात. ओघळ असला पण नको तितका लांब असला, तरी कापतात. एका दातांच्या डॉक्टरांना मी परीक्षकाच्या मागे धावताना पाहिलं आहे. "अहो, अर्धा इंचच तर जास्त आलाय!" असं ते कळवळून सांगत होते.

ओघळ किती असावा, कुठे असावा, हे गार्विन स्ट्राउडच्या पुस्तकात आहे. या मंडळींत त्याला नुसतं 'पुस्तक' म्हणतात. दुसरं कुठलं पुस्तक असेल असं कोणाच्या मनात येत नाही. चारशे पानं आहेत. आमच्या गावच्या कारखान्यात रेडस्टार्ट नावाची गाडी कशी बनायची, कुठल्या बोल्टवर कुठला रंग असायचा, कोणत्या पत्र्यामागे कोणता आकडा खडूने लिहिलेला असायचा, सगळं त्यात आहे. स्ट्राउडने सही केलेल्या कागदाशिवाय कोणी रेडस्टार्ट विकत घेत नाही. लेलंड अकरा वर्षं एका रेडस्टार्टच्या शोधात होता. अट एकच होती: कारखान्यातून निघाल्यापासून तिला कोणाचाही हात लागलेला नसावा. ते बॉनेट त्याने गाडी मिळण्याआधीच बनवून घेतलं होतं, अडीअडचणीला असावं म्हणून.

माझे वडील, काझ व्रोना, त्याच कारखान्यात एकतीस वर्षं होते. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि गावाबाहेरच्या वृद्धनिवासात राहतात. कारखान्याच्या जागी कुंपण आणि गवत आहे, त्यात बदकं चरतात. डॅडना या गाड्यांचं काडीचंही कौतुक नाही. लेलंडने लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना प्रदर्शनाला बोलावलं तेव्हा ते म्हणाले होते, "आठ तास ज्याच्याकडे खालून बघितलं, त्याच्याकडे सुट्टीच्या दिवशी वरून कोण बघणार?"

मागच्या एप्रिलमध्ये लेलंडला हवी होती तशी गाडी सापडली. आमच्यापासून चाळीस मैलांवर, बीटच्या शेतांमध्ये राहणाऱ्या मिस हेडविग लाउर यांची. मिस लाउर शाळेच्या वाचनालयात होत्या. मे १९७० मध्ये त्यांची जुनी गाडी बंद पडली, दुसऱ्या दिवशी त्या विक्रेत्याकडे गेल्या, आणि त्याच्याकडे हिरव्या रंगाची एकच गाडी होती. ती मसल कार आहे हे त्यांना पेट्रोल पंपावर कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून त्या तिच्यातूनच शाळेत, चर्चला आणि पक्ष्यांचे दाणे आणायला जात होत्या.

"माझा भाऊ बिअर प्यायचा तशी ती पेट्रोल पिते," त्या फोनवर लेलंडला म्हणाल्या, "पण तो घरी येईलच असं नसायचं. ही येते."

गाडी बघायला जायचा दिवस बुधवार ठरला. बुधवारी मी डॅडना बाहेर नेते, म्हणून तेही आमच्याबरोबर आले. स्ट्राउड आपल्या गाडीने आला. वय सत्तर, पांढरी दाढी, गुडघ्यांना चामड्याची ठिगळं, खिशात तीन विजेऱ्या. डॅडना त्याने ओळखलं नाही. डॅडनी त्याला ओळखलं हे मला दिसलं, कारण त्यांनी लगेच टोपी कपाळावर ओढली.

मिस लाउर यांच्या पुतण्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करायचा खड्डा आहे, पाच पायऱ्यांचा. गाडी त्याच्यावर आणून उभी केली. स्ट्राउड दोन तास तिच्या अवतीभवती आणि पोटाखाली फिरला. लेलंड त्याच्या मागे वही घेऊन होता. मिस लाउर उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसून विणत होत्या.

"बॉनेटवरचा खडबडीतपणा बरोबर," खड्ड्यातून आवाज आला. "दाराचा ओघळ बरोबर. इंजिनावरचा आकडा चौकटीवरच्या आकड्याशी जुळतो. खडूची खूणसुद्धा शाबूत आहे. लेलंड, खडूची खूण!"

लेलंडने माझा हात घट्ट धरला. आमच्या मुलीच्या जन्माच्या वेळी त्याने तो असाच धरला होता.

"अरेरे," खड्ड्यातला आवाज म्हणाला.

"काय अरेरे?"

स्ट्राउड आरशाची काठी हातात घेऊन दोन पायऱ्या वर आला. "स्टिअरिंग बॉक्स. तो तीन बोल्टांनी चौकटीला धरलेला असतो. तपासनीस तिन्ही बोल्ट पान्याने आवळून बघायचा आणि मग पुढच्या बोल्टवर पिवळी रेघ ओढायचा, बोल्टच्या डोक्यावरून खाली पत्र्यापर्यंत. म्हणजे बोल्ट नंतर हलला तर रेघ तुटलेली दिसते. पुस्तक, पान एकशे चौदा. रेघ उजव्या कडेला. कायम उजव्या. इथे डावीकडे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ही कारखान्यातली नाही. कोणीतरी बॉक्स उतरवला, परत बसवला आणि अंदाजाने रेघ मारली. गाडीला हात लागलाय."

"लागलाय ना," मिस लाउर विणता विणता म्हणाल्या. "माझा. चोपन्न वर्षं लागतोय."

"मॅडम, तुमच्यावर आरोप नाही. लोकांच्या लक्षात राहत नाही."

"मी वाचनालयात होते. कोणी कुठलं पुस्तक किती उशिरा आणलं हे मला अजून आठवतं. तो बॉक्स कधीही उतरवलेला नाही."

"तसे कागद आहेत का?"

"कशाचे? न केलेल्या कामाचे?"

स्ट्राउडने खांदे उडवले. लेलंडने वही मिटली. तेवढ्यात डॅड उठले आणि म्हणाले, "मला बघू दे."

त्यांचा एक हात मी धरला, दुसऱ्याने ते कठडा धरून खाली उतरले. त्यांनी विजेरी मागितली नाही. मान वर करून ते थेट त्या बोल्टकडे बघत राहिले. कुठे बघायचं हे त्यांना शोधावं लागलं नाही.  मग त्यांनी खड्ड्यातूनच विचारलं, "मिस लाउर, गाडी एका बाजूला ओढते का?"

"डावीकडे. एकोणऐंशी सालापासून. मी मेकॅनिकला सांगितलं, तर म्हणाला, बायकांना असे भास होतात. मग मी स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून चालवायला शिकले. का हो?"

डॅड खालच्या पायरीवर बसले. "सहज विचारलं," ते म्हणाले.

येताना लेलंड स्ट्राउडच्या गाडीत बसला, त्याची मनधरणी करायला. मी आणि डॅड माझ्या गाडीत होतो. दहा मैल गेल्यावर ते म्हणाले, "रोनी, कुठेतरी थांब. कॉफी घेऊ."

डोनटच्या दुकानात त्यांनी कॉफी समोर ठेवून तिला हात लावला नाही.

"ती रेघ माझी आहे," ते म्हणाले.

"स्ट्राउड म्हणतो, कायम उजवीकडे असायची."

"तसं मीच त्याला सांगितलं. अठ्ठ्याऐंशी साली. टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. याच दुकानात बसलो होतो, त्या खिडकीशी. कुठल्या बाजूला? उजव्या. कायम? कायम."

"आणि खरं काय होतं?"

"उजवीकडे म्हणजे तपासली. डावीकडे म्हणजे नाही तपासली."

मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. त्या मे महिन्यात गाड्या जोडायच्या लाइनचा वेग वाढवला होता. आधी तासाला बावन्न गाड्या यायच्या, त्या एकसष्ट झाल्या. तिन्ही बोल्ट आवळून रेघ ओढायला डॅडना पासष्ट सेकंद लागायचे, आणि आता गाडीमागे एकोणसाठच मिळत होते. फोरमनचं म्हणणं सरळ होतं: रेघ नसलेली गाडी पुढे गेली तर लाइन थांबेल, म्हणून रेघ प्रत्येक गाडीवर हवी. पान्याबद्दल तो काही बोलला नाही. मग मागे पडायला लागलं की डॅड एखाद्या गाडीला पाना न लावता नुसती रेघ ओढून सोडायचे.

"पण डावीकडे ओढायचो," ते म्हणाले. "खोटी सही करायची तर निदान आपल्याला तरी ओळखू यावी."

"किती दिवस?"

"अकरा. बाराव्या दिवशी दुसरा माणूस दिला जोडीला."

मी मनात आकडेमोड केली. पासष्ट सेकंद, एकोणसाठ, नुसत्या रेघेला समजा दहा. म्हणजे नवातली एक गाडी सुटणार. पाळीला चारशे अठ्ठ्याऐंशी गाड्या, अकरा पाळ्या.

"सहाशेच्या आसपास," मी म्हणाले.

"मीही केलाय हिशोब. दर वर्षी करतो. तितकाच येतो." त्यांनी कपाची कड पुसली. "सत्तर सालापासून मी पेपरात अपघाताची बातमी आधी वाचतो. गाडी कुठली होती ते देतात कधीकधी."

"डॅड, स्ट्राउडला तू खरं का नाही सांगितलंस?"

"अनोळखी माणसाने डोनट खाऊ घातला म्हणून मी त्याला हे सांगू?" ते चिडले. मग आवाज उतरला. "त्याने ते पुस्तकात छापलं, ते मला फार नंतर कळलं. रोनी, मला त्या बोल्टला पाना लावायचाय. सहाशेंपैकी एक तरी माझ्या हाताशी आलीय. चोपन्न वर्षांत पहिली."

त्या संध्याकाळी मी हे लेलंडला सांगितलं. मला वाटलं, त्याला धक्का बसेल. तो खुर्चीतून उडालाच.

"म्हणजे ती अस्सल आहे!" तो ओरडला. "रोनी, तुला कळतंय का? डावीकडची रेघ, आणि ती ओढणारा माणूस जिवंत आहे! अशी गाडी जगात दुसरी नाही. काझकडून लिहून घेऊ, सही घेऊ."

"डॅडना तो बोल्ट आवळायचाय."

तो एकदम थांबला. "आवळायचाय म्हणजे?"

"पाना लावून. सैल आहे का ते बघायला."

"आणि सैल असला तर? फिरला की रेघ तुटणार! रोनी, तो पुरावा आहे. त्याला हात लावायचा नाही."

"गाडी डावीकडे ओढते, लेलंड."

"ओढू दे की! मी ती चालवणार थोडीच आहे?"

"मिस लाउर चालवतात. रोज."

त्यावर त्याने स्ट्राउडला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. स्ट्राउडने शांतपणे ऐकून घेतलं.

"लेलंड, तुझे सासरे मला आठवतात. उत्तम साक्षीदार. टेप अजून आहे माझ्याकडे. अठ्ठ्याऐंशी साली ते घटनेच्या छत्तीस वर्षं अधिक जवळ होते. आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते नेमकं उलटं सांगतायत. तूच सांग, मी कुठल्या काझ व्रोनावर विश्वास ठेवू?"

"पण तेच म्हणतायत की तेव्हा ते खोटं बोलले!"

"मग खोटं बोलणाऱ्या माणसाच्या शब्दावर मी पान एकशे चौदा बदलू?"

तर्कशास्त्र म्हणून मला त्यात दोष काढता आला नाही. बराच वेळ हो-ना झाल्यावर, जुन्या ओळखीखातर, पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा एकदा बघून जायला कबूल झाला. लेलंडने त्याची फी त्याच क्षणी भरून टाकली.

मंगळवारी जेवताना लेलंडने मला अट घातली: शुक्रवारपर्यंत त्या बोल्टजवळ कोणीही जायचं नाही. मी काही बोलले नाही. तो हे होकार समजतो. तेहतीस वर्षं समजतोय.

बुधवारी मी डॅडना घेऊन मिस लाउर यांच्याकडे गेले. निघण्यापूर्वी लेलंडच्या गॅरेजमधल्या काचेच्या कपाटातून किती जोर लावला ते काट्याने दाखवणारा पाना काढून घेतला. सत्तर सालचाच आहे. लेलंडने तो एका लिलावातून आणला आणि कधीही वापरला नाही. त्याच कपाटात तपासनिसाच्या पिवळ्या रंगाची छोटी बाटली होती. असला रंग हल्ली या मंडळींसाठी खास बनतो आणि अत्तराच्या भावाने विकला जातो. तीही घेतली. बाटलीवरचं घटकद्रव्यांचं लेबल मी वाचलं. रंग साधाच होता.

मिस लाउर यांना डॅडनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळं सांगितलं. टोपी हातात धरली होती. शेवटी ते म्हणाले, "तेव्हा मी तुमच्या गाडीवर खोटी रेघ ओढली. माफ करा."

मिस लाउर त्यांच्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या.

"चोपन्न वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा सेंटनी सुरू करू. पुस्तक उशिरा आणलं की दिवसाला सहा सेंट दंड होता आमच्या वाचनालयात."

डॅड गडबडले. "किती होतात?"

"थट्टा करतेय मी, मिस्टर व्रोना. म्हणजे तो माझा भास नव्हता तर."

"नव्हता."

"तो मेकॅनिक मेला, नाहीतर आज त्याच्याकडेच गेले असते आधी." त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं. "चला. गाडी अजून माझी आहे आणि बोल्टही माझा आहे. आवळा."

मी आधी त्या कोऱ्या करकरीत पान्याचा काटा शेडमधल्या वजनकाट्याला जोडून तपासला. मोजायचं साधन किती चुकतं हे माहीत नसेल तर मोजण्याला अर्थ नसतो. काटा एक पौंडाने कमी दाखवत होता. मग डॅड खड्ड्यात उतरले. मी विजेरी धरली. मिस लाउर वरून वाकून बघत होत्या.

डॅडनी मागचे दोन बोल्ट आधी घेतले. कारखान्यातही त्यांचा क्रम तोच असायचा. पहिला: काटा सत्तरपर्यंत, म्हणजे हवा तितका गेला, बोल्ट हलला नाही. दुसरा: सत्तर, हलला नाही. मग पुढचा. काटा चाळीसवर आला आणि बोल्ट फिरला.

आवाज अगदी बारीक आला. रेघ मधोमध तुटली आणि पिवळा पापुद्रा डॅडच्या चष्म्यावर पडला. काटा सत्तरला पोचेपर्यंत बोल्ट पाव फेऱ्यापेक्षा थोडा कमी फिरला. डॅडनी पाना काढला, पुन्हा लावला, पुन्हा बघितलं. सत्तर.

"होता ना सैल?" वरून मिस लाउर यांनी विचारलं.

"होता."

"मग चोपन्न वर्षं मी चांगली चालवली म्हणायची."

डॅड हसले नाहीत. पुसण्याच्या फडक्याने त्यांनी जुनी रेघ घासून काढली. मग माझ्याकडे न बघता हात मागे केला, आणि मी त्यात उघडलेली बाटली ठेवली. त्यांनी उजव्या कडेला रेघ ओढली. शेवटी एक थेंब खाली ओघळला.

"ओके," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते मला कळलं नाही. कारखान्यात रेघेनंतर तसं म्हणायचे असणार.

जेवताना मी लेलंडला सांगितलं. त्याने काटा-चमचा खाली ठेवला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "जगातली एकुलती एक," इतकंच तो म्हणाला, आणि जाऊन गॅरेजमध्ये त्या बॉनेटशेजारी बसला. स्ट्राउडला नको म्हणून कळवायचं धैर्य त्याला झालं नाही, आणि फी परत मिळणार नव्हती.

शुक्रवारी शेडमध्ये आम्ही सगळे होतो. स्ट्राउड आरसा न घेताच खड्ड्यात उतरला, कारण पाहायची ती एकच गोष्ट होती. विजेरी लागली. 

"उजवीकडे," तो म्हणाला.

विजेरीचा उजेड बोल्टच्या आणखी जवळ सरकला.

"उजवीकडे आहे. ओघळसुद्धा आहे. पान एकशे चौदावरचा फोटो बघा, अगदी असाच." तो वर आला आणि त्याने कपाळावर हात मारला. "आरसा! मागच्या खेपेला मी आरशातून बघितलं. आरशात डावं-उजवं उलटतं! पस्तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. मिस लाउर, माफी मागतो तुमची."

लेलंडने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मिस्टर स्ट्राउड," मी म्हणाले, "ती रेघ परवा ओढली आहे. बुधवारी."

"हो का?" तो मिश्कील हसला. "कोणी?"

"ज्याचं ते काम होतं त्याने." मी डॅडकडे बोट दाखवलं.

"मिसेस हार्लन, मी हजारो रेघा बघितल्यात. ताजा रंग मला वासावरून कळतो."

"हा रंग पूर्ण घट्ट व्हायला तीन आठवडे लागतात. नख लावून बघा, खूण उमटेल."

"हात लावू नका!" स्ट्राउड आणि लेलंड एकदमच ओरडले.

मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगणार, तोवर त्याने गाडी अस्सल असल्याच्या कागदावर सही केली होती. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'कारखान्यातून निघाल्यापासून हात न लागलेली.' डॅडनी तो कागद घेऊन वाचला आणि परत दिला.

"अठ्ठ्याऐंशी सालच्या माणसावर विश्वास ठेवलास ते बरं केलंस," ते स्ट्राउडला म्हणाले.

स्ट्राउडला ते कौतुक वाटलं. त्याने डॅडशी हात मिळवला.

लेलंड ट्रेलर घेऊनच आला होता, आशा म्हणून की सवय म्हणून, ते त्याने सांगितलं नाही. मिस लाउर यांनी चेक घडी करून विणकामाच्या पिशवीत टाकला, पण किल्ली दिली नाही.

"आधी मी मिस्टर व्रोनांना एक चक्कर मारून आणते," त्या म्हणाल्या.

"चक्कर?" लेलंडचा चेहरा पडला. "किती मैल?"

"चर्चपर्यंत आणि परत."

"ते सात मैल होतात!"

"सव्वासात," त्या म्हणाल्या आणि इंजिन चालू केलं. शेडचे पत्रे थरथरले.

ती हिरवी गाडी बीटच्या शेतांमधून सरळ निघून गेली, आणि लेलंड रस्त्याच्या कडेला घड्याळ बघत उभा राहिला. एकोणीस मिनिटांनी त्या परत आल्या. मिस लाउर यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"आता उजवीकडे जाते," त्या म्हणाल्या. "मी धरते ना उजवीकडे. सवय झालीय."

"जाईल हळूहळू," डॅड म्हणाले.

"आता कुठे जाणार? विकली ना मी."

लेलंडने गाडी ट्रेलरवर चढवली आणि चार पट्ट्यांनी आवळून बांधली. प्रत्येक पट्टा दोनदा तपासला.

जूनमध्ये पहिलं प्रदर्शन होतं. लेलंडच्या गाडीपुढे ही गर्दी. परीक्षकांनी शंभरातले नव्याण्णव दिले. एक गुण पेट्रोलच्या टाकीजवळ सापडलेल्या पक्ष्यांच्या दाण्यांपायी गेला. त्या ओळीत आणखी आठ रेडस्टार्ट उभ्या होत्या, सगळ्या सत्तर सालच्या. मी वाकून एकेकीखाली बघून आले. आठही रेघा उजवीकडे होत्या. तिसऱ्या गाडीचा मालक मला अभिमानाने म्हणाला, "माझी आधी डावीकडे होती. पंच्याण्णव साली पुस्तकात बघून खरवडली आणि नीट करून घेतली. दोन गुण वाढले."

"बोल्ट आवळलात का तेव्हा?"

"छे! बोल्टला कशाला हात लावायचा?"

मी परत येऊन हे डॅडना सांगायचं की नाही याचा विचार करत होते. पण ते खुर्चीत नव्हते. ते काठी टेकत ओळीच्या टोकाशी पोचले होते. त्यांच्या कोटाचा खिसा जड होऊन एका बाजूला लोंबत होता. लेलंडच्या कपाटातली पान्याची जागा सकाळीच रिकामी दिसली होती मला. ते त्या तिसऱ्या गाडीच्या मालकापुढे येऊन थांबले. सगळं ऐकू येईल इतकी मी जवळ होते.

"छान आहे गाडी," डॅड म्हणाले. "पुढचं चाक जरा बघू का खालून? माझ्याकडे पाना आहे."

"आजोबा! पाना आत ठेवा आधी!"

"बरं. पण चालवता का तुम्ही हिला?"

"चालवतो?" तो माणूस दुखावला. "काय बोलताय! चौऱ्याण्णव सालापासून हिचं चाक रस्त्याला लागलेलं नाही. ट्रेलरवर येते, ट्रेलरवर जाते."

डॅडनी पाना पुन्हा खिशात घातला. मग त्यांनी त्याचा हात हातात घेऊन जोरात हलवला.

"शाब्बास," ते म्हणाले. "असंच ठेवा. अजिबात चालवू नका."

आणि काठी टेकत पुढच्या गाडीच्या मालकाला तेच विचारायला निघाले.